ऑडिटआधीचे सहा आठवडे : नागपुरातल्या घराच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

घर नागपुरात, १९९४ सालचं. खाली आम्ही चौघं : सासूबाई, मी, नवरा आणि नववीतला मुलगा. वरच्या मजल्यावर भाडेकरू काकू, त्यांचं मीटर वेगळं. माझ्या मैत्रिणीची नणंद प्रमाणित एनर्जी ऑडिटर आहे, म्हणजे वीज कुठे किती जाते ते मोजून सांगणारी. तिचं काम बहुतेक कारखान्यांत चालतं. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात ऑडिटची सक्ती आहे ती जास्त वीज लागणाऱ्या मोठ्या उद्योगांना, घरांना नाही. तरी ती यायला तयार झाली. तारीख ठरली १६ मार्च.

फोनवर तिने एवढं सांगितलं : बारा महिन्यांची बिलं एकत्र ठेवा. घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॅट, वय आणि रोजचे तास लिहा. कोणतं बटण कोणत्या एमसीबीवर, म्हणजे बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर, आहे ते शोधा. गच्ची, टाकी, गीझर, इन्व्हर्टर, सगळीकडे हात पोचला पाहिजे. कूलर आधीच काढून चालू स्थितीत ठेवा, कारण तुमच्या घराचं खरं बिल उन्हाळ्याचं आहे. आणि शेवटचं, जे मी वहीत लिहून घेतलं आणि तरी मोडलं : मोजल्याशिवाय काहीही दुरुस्त करू नका.

या नोंदी ठेवतेय कारण तयारी कशी करायची हे शोधायला गेले तर "जुने दिवे बदला, एलईडी लावा" याच्यापुढे काही सापडलं नाही. आमच्याकडे एलईडी कधीच लागले आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बिलं. अर्धी कपाटात, अर्धी कुठेच नाहीत. ग्राहक क्रमांक टाकून उरलेली ऑनलाइन काढली. मागच्या मे महिन्याचं ८१२ युनिटचं बिल पाहून घरात जे भांडण झालं होतं, तिथूनच ऑडिटचा विचार सुरू झाला होता. आज एप्रिल आणि मे शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. एप्रिलमध्ये आम्ही लग्नाला अमरावतीला होतो. मीटर आमच्या पोर्चमध्ये, चॅनल गेटच्या आत, आणि गेटला कुलूप. रीडिंग झालं नाही म्हणून एप्रिलला सरासरीचे २४८ युनिट लागले आणि राहिलेले सगळे मे महिन्यावर आले. दोन्ही मिळून १०६० युनिट, ६१ दिवस. म्हणजे दिवसाला १७.४.

तेव्हा बिलावरच्या आलेखातल्या उभ्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक बिलाची 'मागील रीडिंग' आणि 'चालू रीडिंग' यांच्या तारखा बघा, मधले दिवस मोजा, युनिटला दिवसांनी भागा. बिलाचा महिना कधी २९ दिवसांचा असतो, कधी ३३. आमचा जानेवारी २७१ युनिट, ३१ दिवस, दिवसाला ८.७. जानेवारीत ना पंखा, ना कूलर. मग रोजचे पावणेनऊ युनिट जातात कुठे? हा प्रश्न मला मे महिन्याच्या बिलापेक्षा मोठा वाटतोय.

वेळ : अडीच तास. खर्च : झेरॉक्स ६० रुपये.

८ फेब्रुवारी, शनिवार

प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर मागवलं होतं, ८९९ रुपयांचं. आलं ते लहान पिनचं. गीझर, इन्व्हर्टर आणि फ्रिज, तिन्हींचे प्लग मोठे. जे मोजायचं तेच त्यात बसत नाही. परत पाठवलं आणि १६ अँपिअरचं मागवलं, १,३५० रुपये. यात सहा दिवस गेले. घेताना फक्त अँपिअर आणि पिन बघायची, बाकी रंगीत पडदा वगैरे काही कामाचं नाही.

वाट बघताना गीझर मात्र मीटरशिवाय मोजला. पोर्चमधल्या वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि पाटीवर लिहिलेलं असतं की एका युनिटला किती वेळा. आमच्यावर ३२०० आहे. म्हणजे एक लुकलुक म्हणजे ११२५ ज्यूल. दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते मोबाइलच्या घड्याळावर बघायचं आणि ११२५० ला त्या सेकंदांनी भागायचं, वॅट मिळतात. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर २२५०० धरा. मुलगा मीटरपाशी, मी बाथरूमच्या दाराशी. गीझर चालू केल्यावर दहा लुकलुकी ५ सेकंदांत, बंद केल्यावर ४५ सेकंदांत. २२५० मधून २५० वजा, गीझर २००० वॅटचा. पाटीवर लिहिलाय तेवढाच. सेकंद मोजताना अर्ध्या सेकंदाची चूकही इथे दोनशे वॅटची होते, म्हणून पाच वेळा मोजून मधला आकडा घेतला. गीझरसारख्या मोठ्या भारासाठी दहाऐवजी पन्नास लुकलुकी मोजल्या असत्या तर बरं झालं असतं, हे नंतर सुचलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज माझ्या हातून झालेली चूक. फ्रिज २००९चा. नवीन वॅटमीटर अजून आलेलं नाही, हाताला काम हवं, म्हणून फ्रिज ओढून मागची जाळी ब्रशने साफ केली. केसासकट धुळीचा जाड थर निघाला. मग दारात दहाची नोट धरून रबर तपासलं. वरच्या कोपऱ्यात नोट अलगद निघून आली, म्हणजे तिथे दार घट्ट बसत नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावून रबर बदलून टाकलं, ७५० रुपये. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घेतला.

संध्याकाळी वही उघडली तेव्हा लक्षात आलं की आधीचा आकडाच नाही. धूळ आणि रबर यांनी किती वीज खाल्ली हे आता कधीच कळणार नाही. ऑडिटर ताईला मेसेज केला. तिचं उत्तर, "ठीक आहे, पण आता कशालाही हात लावू नका." त्यात राग नव्हता, पण मला फार वाईट वाटलं. साफसफाई करण्याची सवय बायकांच्या हाडात असते, आणि ऑडिटच्या आधी नेमकी तीच नडते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नवीन वॅटमीटर कालच आलं, ते फ्रिजला चोवीस तासांसाठी लावून ठेवलंय.

आज बटणांचा नकाशा. कागदावर घराचा आराखडा, प्रत्येक एमसीबीला नंबर, आणि एकेक खाली पाडून काय बंद झालं ते लिहायचं. रात्री आठला सुरू केलं, साडेदहा वाजले. स्वयंपाकघरातलं मिक्सरचं बटण बेडरूमच्या एमसीबीवर निघालं. देवघरातला दिवा पंपाच्या एमसीबीवर. कोणी कधी जोडलं, कोणाला माहीत. सासूबाई म्हणाल्या, "तुझे सासरे असते तर त्यांनी सांगितलं असतं." खरंच, घराची वायरिंग ज्याच्या डोक्यात होती तो माणूस गेला की ती घराबरोबर राहत नाही. म्हणून हा कागद मी लॅमिनेट करून बोर्डाच्या दाराला आतून चिकटवणार आहे.

मग सगळे एमसीबी पाडले, मेन स्विचही पाडला. घरात इन्व्हर्टरवरचे दिवे तेवढे चालू. मीटरपाशी गेले तर लाल दिवा अजूनही लुकलुकतोय. खूप सावकाश, चाळीस सेकंदांनी एकदा. पुन्हा बघितलं, तेच. ११२५ भागिले ४०, म्हणजे २८ वॅट. मेन बंद असताना आमच्या मीटरवरून काहीतरी चालू आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल रात्री अकरा ते आज सकाळी सहा, मीटर २.३ युनिट पुढे. घरात सगळे झोपलेले. आकडा बघून घाबरले. नंतर उमगलं की काल अडीच तास एमसीबी आणि मेन पाडणं चाललं होतं, त्यात बराच वेळ दिवे इन्व्हर्टरवर चालले, आणि रात्रभर बॅटरी भरत बसली. म्हणजे माझ्याच तपासणीने माझं रीडिंग बिघडवलं. ज्या दिवशी मेन पाडाल त्या रात्रीचं रीडिंग धरू नका, एक पूर्ण दिवस जाऊ द्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खरं रात्रीचं रीडिंग : रात्री ११ ते सकाळी ६, १.४ युनिट. सात तासांत, म्हणजे सरासरी २०० वॅट. दिवसाला ४.८ युनिट. जानेवारीच्या रोजच्या ८.७ पैकी निम्म्याहून जास्त वीज अशी जातेय जिच्यासाठी आम्ही एकही बटण दाबलेलं नाही.

वॅटमीटर एकेका ठिकाणी चोवीस तास ठेवून आलेले आकडे : फ्रिज १.७ युनिट, म्हणजे सरासरी ७१ वॅट. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद करूनही १४. राउटर ९. आणि इन्व्हर्टर ७८.

इन्व्हर्टरचा आकडा मी तीनदा तपासला. वीज गेलेली नाही, बॅटरी भरलेली, त्यावर काही चालत नाही, तरी ७८ वॅट अखंड. महिन्याला ५६ युनिट. फ्रिजपेक्षा जास्त! बॅटरी सहा वर्षांची आहे. हात लावला तर एक बाजू कोमट. दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर संपतं म्हणून आम्ही दुकानदाराला दोष द्यायचो. बॅटरी जुनी झाली की ती भरलेली राहतच नाही, आणि चार्जर तिला सतत भरत बसतो. बदलायचा मोह होतोय, पण फ्रिजचा धडा आठवतोय. १६ मार्चपर्यंत हात लावणार नाही.

७१, १४, ९ आणि ७८ यांची बेरीज १७२. दोनशेला कमी पडतात २८. तेच २८.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आमचे नेहमीचे इलेक्ट्रिशियन भाऊ आले. मीटरच्या सीलला धक्का न लावता त्यांनी बाहेरची जोडणी तेवढी पाहिली. मीटरमधून कटआउटला, म्हणजे मेन फ्यूजला, आलेल्या वायरीला मेन स्विचच्या आधीच एक बारीक काळी वायर पिळून जोडलेली, आणि ती जुन्या पाइपातून भिंतीत गेलेली.

"ताई, हे कायची लाइन हाय जी? याले फ्यूज नाही, काही नाही."

"मलाच माहीत नाही, भाऊ."

"मले तं वाटते वर गेली."

सगळ्यात वाईट गोष्ट वीज वाया जाणं ही नव्हतीच. कुठे शॉर्ट झाला असता तर ती वायर तोडायला मध्ये काहीच नव्हतं, भिंतीतच जळत गेली असती. किती वर्षं आम्ही त्या भिंतीला टेकून चहा पितोय.

मेन पाडून भाऊंनी वायर काढली. मीटरचा दिवा थांबला. मग मेन परत लावून सगळे घरभर हिंडलो, काय बंद पडलं ते शोधत. काहीच नाही. वर काकूंकडे कुलूप होतं, त्या बाजारात गेलेल्या. दोन तास गेले. शेवटी भाऊंनी त्या वायरीला सहा अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी लावून दिला आणि परत जोडली, कारण टाकी भरली की वाजणाऱ्या भोंग्याची वायर असेल तर पाणी वाहून जाईल अशी आम्हाला भीती. मजुरी आणि एमसीबी मिळून ७५० रुपये.

२३ फेब्रुवारी, रविवार

ही नोंद लिहायला जड जातेय, पण लिहिते, कारण दुसऱ्या कुणाकडून हे होऊ नये. वायर वर गेली म्हणजे काकूंकडेच गेली असणार, असं मी धरून चालले. सकाळी वर गेले आणि विचारलं, तुमच्याकडे आमच्या लाइनवर काही चालतं का? शब्द नीट निवडले होते, तरी अर्थ जो निघायचा तो निघालाच. काकू गॅसपाशी उभ्या होत्या. हातातला झारा खाली ठेवून म्हणाल्या, "माझं मीटर वेगळं आहे गं. अकरा वर्षांत एका महिन्याचं बिल चुकवलं नाही मी."

मी खाली येऊन एमसीबी पाडला, त्यांनी वर सगळी बटणं दाबून बघितली. त्यांच्याकडचं एकही उपकरण बंद पडलं नाही. मी माफी मागितली. त्या "असू दे" म्हणाल्या, पण चहा घे म्हणाल्या नाहीत.

वायर कुठे जाते हे कळल्याशिवाय माणसांकडे बोट दाखवू नका. एमसीबी आधी पाडायचा होता, प्रश्न नंतर विचारायचा होता. क्रम चुकला.

१ मार्च, शनिवार

सापडलं.

ऑडिटसाठी कूलर खाली आणायचे होते. दोन्ही कूलर गच्चीवर, पाण्याच्या टाकीखालच्या बुटक्या खोलीत असतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, आत ठेवले आणि दाराला कडी लावली ती आजपर्यंत उघडलेली नाही. नवऱ्याने दार ओढलं आणि थांबला. भर दुपारी आतून पांढरा उजेड येत होता.

छताला जुन्या प्रकारची बारीक टी-फाईव्ह ट्यूब, २८ वॅटची. दोन्ही टोकं काळी पडलेली. खाली कूलरच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर किड्यांच्या पंखांचा थर, बोटाने ओढलं तर रेघ उमटेल असा. ट्यूबच्या पट्टीमागे एक पाल, गुबगुबीत, आम्हाला बघूनही हललीसुद्धा नाही. बटण खोलीच्या आतच आहे, आणि त्याच्यासमोर मोठा कूलर टेकवून ठेवलेला. ऑक्टोबरमध्ये कूलर आत सरकवताना दिवा लावला, कूलर टेकवला, बटण मागे गेलं. उन्हात दार लावताना उजेड दिसला नाही. १३९ दिवस, रात्रंदिवस. ९३ युनिट.

सासूबाईंना आठवलं. खोली बांधली तेव्हा सासऱ्यांनी वर तात्पुरती लाइन ओढून घेतली होती, मिस्त्रींना रात्री काम करता यावं म्हणून. तात्पुरती ती राहूनच गेली.

मी सगळ्यात आधी काकूंकडे गेले आणि त्यांना हात धरून गच्चीवर नेलं. त्यांनी ट्यूबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "बाई, एवढंसं कारण." आज चहा मिळाला.

कूलरचं गवत बदललं, दोन्हींचं मिळून २४० रुपये. मोठा कूलर पंपासकट वॅटमीटरवर : जोरात २१५ वॅट.

३ मार्च, सोमवार

रात्रीचं रीडिंग ११ ते ६ : १.२ युनिट. हिशेब जुळला.

८ मार्च, शनिवार

पंप. खालच्या हौदातून वरच्या हजार लिटरच्या टाकीत, एक एचपी. पूर्वी अर्ध्या तासात टाकी भरायची असं सगळ्यांना आठवतं, पण लिहिलेलं कुठे नाही. आज मोजलं : ५५ मिनिटं. लुकलुकीने पंप १०२० वॅटच्या आसपास. एका भरणीला ०.९४ युनिट.

ऑडिटर ताईला आधी विचारलं. ती म्हणाली, आकडा लिहिलाय ना, मग करा दुरुस्त. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे हौदातल्या पाइपाच्या टोकाची झडप, वर काढला तर जाळी क्षाराने आणि गाळाने जवळजवळ बुजलेली. घासून साफ केली, आतला वॉशर बदलला, प्लंबरचे ४५० रुपये. परत भरून बघितलं, ३२ मिनिटं, ०.५५ युनिट. आधीचा आकडा असला की किती बरं वाटतं ते आज कळलं. हे फ्रिजच्या बाबतीत करता आलं असतं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. टाकी तीनदा भरली. आजचं रीडिंग हिशेबात नाही.

१५ मार्च, शनिवार

फाईल तयार. बिलांचा दिवसवार तक्ता, उपकरणांची यादी, एमसीबीचा नकाशा, घराचा आराखडा दिशांसकट. हॉलची लांब भिंत पश्चिमेला आहे, झाडाची सावली नाही. कोविडच्या काळात घेतलेल्या कपाळावर धरायच्या थर्मामीटरने छताचं तापमान मोजायचा प्रयत्न केला, तो वाया गेला. ते अंगाच्या तापापुरतं बनलेलं असतं, भिंतीवर धरलं की काहीबाही आकडा दाखवतं. तासभर मी ते आकडे लिहीत बसले होते, सगळे खोडले.

यादीतला सगळ्यात कच्चा भाग म्हणजे तास. "गीझर किती वेळ चालतो" याला घरात चौघांची चार उत्तरं. पंधरा मिनिटं, अर्धा तास, "लाल दिवा जाईपर्यंत", आणि मुलाचं "माहीत नाही". शेवटी आठवडाभर बाथरूमच्या दाराला कागद आणि पेन बांधून ठेवलं. सरासरी ५० मिनिटं निघाली. हा कागद पहिल्याच दिवशी बांधायला हवा होता.

आजवरचा खर्च : वॅटमीटर १,३५०, रबर ७५०, वायर आणि एमसीबी ७५०, प्लंबर ४५०, गवत २४०, झेरॉक्स ६०. एकूण ३,६००. ऑडिटची फी वेगळी.

१६ मार्च, रविवार

ऑडिटर ताई दहाला आली, दोनला गेली. घरात शिरण्याआधी पोर्चमध्ये उभं राहून मीटरचं रीडिंग लिहिलं, जाताना पुन्हा लिहिलं. बिलांचा तक्ता तिने लगेच बाजूला घेतला. एमसीबीचा नकाशा पाहून म्हणाली की एरवी तिचा पहिला दीड तास यातच जातो. माझी उपकरणांची यादी मात्र तिने अर्धीच वापरली. पाटीवरचे वॅट मी जिथे उतरवून घेतले होते, तिथे तिने स्वतः क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवायचं मीटर, लावून मोजलं. हॉलचा जुना पंखा पाटीवर ७५ वॅटचा, निघाला ८४. त्याचा रेग्युलेटर जुन्या खटक्याचा, एकवर ठेवला तर पंखा मंद होतो पण डबी तापते.

इन्व्हर्टरपाशी ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. बॅटरी सोडवून नुसता इन्व्हर्टर चालू ठेवला, ७८ वॅटचे १६ झाले. "बॅटरी गेलीय. पण इतकी मोठी तुम्हाला लागते का ते आधी बघू," म्हणाली आणि मागच्या वर्षभरात किती वेळा, किती वेळ वीज गेली ते विचारलं. ते मात्र आम्ही कुणीच लिहिलेलं नव्हतं.

छतासाठी आजचं ऊन पुरेसं नाही असं तिचं मत. पश्चिमेची भिंत आणि स्लॅब मे महिन्यात दुपारी तीनला मोजायला ती परत येणार आहे. तोवर रोज सकाळी सहाचं रीडिंग मुलाने घ्यायचं, आणि वीज गेली की गेल्याची आणि आल्याची वेळ सासूबाईंनी कॅलेंडरवर लिहायची. आजची पहिली नोंद त्यांनी केलीसुद्धा : ४.१० ते ४.२५.